हाडावरचं नाव, तांदळातलं नाव

आईचं नाव जीवसृष्टीतून रद्द झालं. पण ते झालंच नाही असं धरून चालायचं आमच्या घरात ठरलंय, तेव्हा तुम्हीही काही ऐकलं नाही असा चेहरा करा.

तर, माझी ताई इरावती मेलेल्या पक्ष्यांची डॉक्टर आहे. पेशंट मेल्यावरच येतात, आणि तेही काही लाख वर्षं उशिरा. तिचे पक्षी दक्षिण अमेरिकेतले: माणसाहून उंच, उडता न येणारे, कुऱ्हाडीसारख्या चोचीचे शिकारी. टेरर बर्ड. कुठलं हाड कुठल्या जातीचं हे ठरवणं तिचं काम. मागे पायाच्या एका हाडावरून तिने नवी जात जाहीर केली आणि तिला आईचं नाव दिलं. वसुधा.

आई आठवडाभर धुसफुसत होती.

"अंड्याचा केक मी या घरात येऊ देत नाही, आणि माझ्या नावाचा पक्षी जनावरं गिळतो?"

"लगेच नाही गं गिळत," ताई म्हणाली. "आधी आपटत असावा."

पण मग मुलुंडभर बातमी फिरली. आईने पक्ष्याचं चित्र लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं. दूधवाल्याला चोच समजावून सांगितली. शेवटी सोसायटीच्या महिला मंडळाने रविवारी तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. कारण: पक्षी झाल्याबद्दल.

शुक्रवारी ताईने मला आणि बाबांना बाल्कनीत ओढलं.

"वाट लागली. आईचं हाड पिल्लाचं निघालं."

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"ज्या खडबडीतपणावरून मी नवी जात म्हटलं ना, तो नुसता वयाचा होता. हाड पूर्ण वाढलंच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी नाव दिलेलीच जात आहे ही. आईचं नाव रद्द. आजच छापून आलंय."

"कोण हा नालायक?" मी विचारलं.

"मीच. माझी चूक मी नाही तर कोण काढणार?"

बाबांची सगळी नोकरी विम्यात गेली. ते म्हणाले, "लॅप्स झालेली पॉलिसी चालू करता येते. पक्षी का नाही?"

पक्षी काही चालू करता येईना, म्हणून आईला सांगायचं नाही असं ठरलं. रविवारपर्यंत तरी. मग कधीच नाही.

रविवारी आई पैठणी नेसली. पदराला पिन लावता लावता ताई रडायलाच लागली. "आई, तुझं नाव गेलं गं." आणि हाड, पिल्लू, सगळं सांगून टाकलं.

आई सोफ्यावर बसली. मी फ्रिजवरच्या चित्राकडे बघत राहिलो. चित्रही माझ्याकडे बघत राहिलं.

"एकाच पक्ष्याची दोन नावं झाली," आई म्हणाली. "मग कुठलं ठेवायचं, हे कोण ठरवतं?"

"नियम आहे. आधीचं तेच खरं."

"नंतरचं छान असलं तरी?"

"तरी."

"नंतरचं नवऱ्याने ठेवलं असलं तरी?"

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

आई लग्नाआधी मधुवंती होती. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'वसुधा' लिहिलं, आणि त्यानंतर घाटकोपरच्या मामाशिवाय तिला कोणी मधू म्हटलं नाही.

"अहो, इतकी वर्षं विचारलं नाही. वसुधाच का?"

पेपरमागून आवाज आला. "मला मधुवंतीच ठेवायचं होतं. म झाला, धु झाला, आणि ताट कलंडलं. पुढच्या लग्नाचं वऱ्हाड दारात, गुरुजी घाई करतायत. तुझी नणंद कानात म्हणाली, वसुधा लिही, तीन अक्षरांत सुटशील."

"म्हणजे तांदूळ सांडले म्हणून मी वसुधा आहे?"

"उरलेल्यात तेवढंच बसत होतं."

मला वाटलं, आता आपटणार. मग गिळणार. पण आई हसायला लागली, इतकी की पिन उघडली आणि ताईला रडणं थांबवून ती परत लावावी लागली.

हॉलमध्ये तिने शाल घेतली, नारळ घेतला, मग माइकही घेतला. "पक्षी मागे घेतलाय. माझ्या लेकीने स्वतःची चूक स्वतः पकडली. टाळ्या तिच्यासाठी वाजवा. आणि नियमाप्रमाणे मी मधुवंती." बायकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, हे निम्म्या जणींना अजून कळलेलं नाही. ताई नारळ कुशीत घेऊन पुन्हा रडली.

हल्ली बाबा "वसू... मधू" अशी जोडहाक मारतात. आई दुसऱ्या अर्ध्यालाच ओ देते. चित्र फ्रिजवरच आहे. झालंच नाही ना काही. फक्त कागदोपत्री एवढं व्हायला हवं:

प्रति, प्राण्यांच्या नावांचे वाद मिटवणारा मा. आयोग. सविनय विनंती की, मुलुंड येथील एक पूर्ण वाढ झालेली, शाकाहारी मादी हिचे 'मधुवंती' हे ज्येष्ठ नाव ग्राह्य धरून 'वसुधा' हे कनिष्ठ नाव रद्द करण्यात यावे. नमुना घरी येऊन तपासता येईल. दुपारी झोपेच्या वेळी येऊ नये, आपटले जाण्याची शक्यता आहे. सुधारित नाव अर्जदाराचे वडील स्वहस्ते तांदळात लिहितील. अक्षरे चार असल्याने त्यांना जादा तांदूळ आणि एक न कलंडणारे ताट मंजूर व्हावे, ही विनंती.