रिकामी खाट

विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीला नवी पोरं ताईच म्हणत. ती स्वतःही परदेशातून शिकायला आलेली. एमए करता करता इथे काम करायची. बँकेत काय बोलायचं, घरच्यांचा फोन आल्यावर रडू कसं आवरायचं, सगळं मायेनं सांगे. सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय तिचं पाऊल घराबाहेर पडत नसे.

एके दिवशी तिच्याच भाषेची एक मुलगी बॅग ओढत आली.

"ताई, कुठे जागा मिळेल का हो? सध्या ओळखीच्यांच्या हॉलमध्ये पथारी टाकलीय."

"अगं, आमच्याकडेच एक खाट रिकामी आहे! संध्याकाळी चहाला ये."

ताईच्या घरातली थोरली मैत्रीण म्हणजे मुकादमीण. तिच्या हुकमाशिवाय घरात गॅस पेटत नसे. चहा गाळता गाळता तिनं हसतमुखानं चौकशी मांडली. आडनाव काय? गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? मुलीनं सरळ उत्तरं दिली. तिसऱ्या उत्तराला मुकादमिणीनं बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढली.

मुलगी गेल्यावर ती म्हणाली, "गोड आहे गं पोरगी. पण एका ओट्यावर रोजचं... जागा भरली म्हणून तूच सांग. गोड बोलायचाच पगार घेतेस ना?" आणि मुलीचा कप तिनं दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकला. ताई ते पाहत उभी होती.

तिनं आईला फोन लावून सगळं सांगितलं. वाटलं, आई तरी रागवेल.

"जात बघूनच घ्यावं हो कुणाला घरात," आई म्हणाली. "देवाचं करतेस तू."

देवाचं नाव निघालं आणि ताईचं मन तेवढ्यावर निवलं. दुसऱ्या दिवशी तिनं मऊ आवाजात सांगून टाकलं, "सॉरी हं, कालच भरली जागा."

पुढच्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा खिडकीपाशी आली. कार्यालयाच्या प्रमुख बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या मूळच्या इथल्याच. त्यांना या दोघींची भाषा कळत नसे.

"ताई, तुमच्या खाटेची जाहिरात अजून ग्रुपवर आहे," मुलगी हळू म्हणाली. "जागा नकोय मला. एवढंच सांगा, माझा कप धुतलात की फेकलात?"

"काय म्हणतेय ती?" प्रमुख बाईंनी कौतुकानं विचारलं.

"आभार मानतेय," ताईनं त्यांच्या भाषेत सांगितलं.

ती भाषा मुलीला उत्तम येत होती. तिनं नुसतं ताईकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी बरं झालं असतं. ताईच्या कानशिलांना चटका बसला. याच जिभेनं आपण रोज सकाळी देवाचं नाव घेतो!

"नाही," ताई प्रमुख बाईंना म्हणाली. "खोटं बोलले मी. तिच्याशीही आणि आता तुमच्याशीही."

मग जात म्हणजे काय, ते तिला परक्या भाषेत सांगावं लागलं. घरात हलक्या आवाजात, आडून बोलायची सोय होती. इथे प्रत्येक शब्द उघडा पडत होता.

"पण तू हे मानत नाहीस ना?" बाईंनी विचारलं.

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं.

"वागले तर तसंच. कप फेकताना पाहत उभी होते. तक्रार लिहून घ्या, बाई. आमच्या घरातल्या सगळ्यांविरुद्ध. पहिलं नाव माझं."

मुलीनं ताईकडे पाहिलंही नाही. खुर्ची ओढून ती प्रमुख बाईंसमोर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.