दुसरी बुडी

"आकडा चढलाय तुमचा, काळुरामभाऊ. दोन दिवस कुठं होतात?" दवाखान्यातल्या नूतनने रिपोर्ट पुढे सरकवला.

"घरी, गडबला. बायको, हौसा बोलली, तपासायला रक्त द्यायचं हाय तं आधी अंगाला आराम दे. पाण्यात पाय पन नाय घातला. काल आलो नि एकच बुडी मारली."

नूतनने कपाळावर हात मारला.

रोह्याला नदीचं पाणी कारखान्यांकडे खेचणाऱ्या विहिरीच्या जाळ्या सकाळी-दुपारी बुडी मारून साफ करायच्या, हे काळुरामचं बावीस वर्षांचं काम. यंदा नव्या डॉक्टरबाई बुडीनंतर रक्त तपासून अंगातल्या सुजेचा आकडा काढत होत्या. आकडा उतरला नाही, तर पाण्यात उतरणं बंद.

"भाताच्या आवणीच्या पहिल्या दिवशी वाकून वाकून कंबर धरते ना?" नूतन म्हणाली. "चौथ्या दिवशी?"

"कंबर हाय का नाय, ते पन कळत नाय."

"मधे दोन दिवस बसलात तर पुन्हा धरते. हेही तसंच. रोजच्या बुडीला अंग सरावतं, सूज कमी येते. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून."

"म्हंजे आरामानंच माती केली!" तो हसला, पण हात मांडीवर घट्ट दाबून. "पाणी सुटलं तं मी करू काय, ताई?"

"आणखी पाच दिवस रोज उतरा. आणि वैनींचं ऐकू नका."

"ते तुमीच सांगा तिला!"

पाच दिवसांत सकाळच्या बुडीनंतरचा आकडा उतरत गेला. दुपारच्या दुसऱ्या बुडीनंतरचा मात्र हटेना. डॉक्टरबाईंनी लिहिलं: दिवसाला एकच बुडी.

"रिटायर झालास रे!" दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा जोडीदार सुजय मास्क चढवत ओरडला.

"अर्धाच. सकाळचा मी हाय अजून. चल, उतर."

बुडी मारणाऱ्याचा दोर काठावरून धरायचं काम काळुरामने आजवर नेहमी दुसऱ्यावर ढकललं होतं. आज तो काठावर मांडी घालून बसला. सुजय गढूळ पाण्यात दिसेनासा झाला आणि त्या जागी बुडबुडे येऊ लागले. थांबून थांबून, श्वासाच्या लयीत. बावीस वर्षं आपलेही असेच वर येत असणार. त्याने ते कधी पाहिलेच नव्हते.

दोराला दोन हिसके बसले: ठीक आहे.

त्यानेही दोन दिले, हलकेच, आणि बुडबुड्यांवरची नजर हलवली नाही.