किल्ली बाहेर, डोळा आत

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. दाराच्या मधोमध बसवलेलं, बोराएवढं. कारखान्यात मला मुद्दाम फुगीर घासलं, कारण इवल्याशा भोकातून सगळा जिना दिसायला हवा. दिसतोही. मात्र जो अगदी जवळ येईल त्याचं नाक भोपळ्याएवढं होतं आणि डोळे बारीक होऊन कानांकडे पळतात. दोन पावलं मागे उभा राहील तो छान दिसतो. हा माझा घाटच आहे. मला त्याचं ना सुख, ना दुःख.

घर मावशींचं. साऱ्या इमारतीच्या त्या मावशी. एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. सुरुवातीला माझं काय कौतुक! रोज पदराने पुसायच्या. बेल वाजली की आधी मी, मग दार. पुढे सवय अशी जडली की माणूस दिसताक्षणी त्या नाव ठेवून मोकळ्या व्हायच्या. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत अंतर एका टिंबाचंच. एक विक्रेता लांब उभा राहून हसला, तो 'सज्जन' ठरला आणि गळकी किटली गळ्यात मारून गेला. मावशींनी बोल किटलीला लावला.

मग वरच्या मजल्यावर बेकरीतला एक कारागीर राहायला आला. दांडगं अंग, भट्टीने भाजलेला गाल. मावशींनी नाव ठेवलं: डाकू. त्यानंतर सगळं त्या नावात बसत गेलं. पहाटे घरी येतो? डाकूच. जिन्यात पाय न वाजवता चालतो? मग काय! लोकांची झोप मोडू नये म्हणून तो तसा चालायचा, पण कारण कुणी विचारलंच नाही.

एका सकाळी मावशी बाजारातून आल्या. दोन्ही हातांत पिशव्या. आत येऊन दार पायाने लोटलं, कुलूप आपोआप लागलं आणि किल्ली बाहेर कुलपातच राहिली. थोड्या वेळाने बेल वाजली. मावशींनी डोळा लावला, तर समोर भलंमोठं नाक!

"मावशी, तुमची किल्ली..."

"किल्ली मागतोस? माझ्या घराची? अहो मालक, धावा!"

"मागत नाही हो, ऐका तर..."

"मावशी म्हणू नकोस मला!"

घरमालक तावातावाने वर आले आणि त्याची कॉलरच धरली. "पहिल्या दिवसापासून मला संशय होता. आजच्या आज खोली खाली कर."

"करतो," तो म्हणाला. "पण आधी ही घ्या. कुलपालाच लटकत होती. तशीच टाकून कसा जाऊ?"

त्याने मूठ उघडली. रंगीत दोऱ्यांचा गोंडा लावलेली मावशींची किल्ली.

मालकांचा हात आपोआप सुटला. आत मावशींनी कंबर चाचपली आणि सावकाश दार उघडलं. साधंसुधं नाक, जागरणाने थकलेले डोळे, भुवयांवर पीठ.

"अरे, किल्ली हातात होती, मग उघडून आत का नाही आलास?"

"दुसऱ्याचं दार आहे मावशी. बेल वाजवायची असते."

त्याची खोली राहिली. मावशी आता "कोण रे?" विचारून उत्तर शेवटपर्यंत ऐकतात. मला पुसायला मात्र विसरतात. माझ्यावर धूळ आहे.

मित्रांनो, दारातलं भिंग पुसत जा. असंच एक भिंग प्रत्येकाच्या कपाळामागेही बसवलेलं असतं, आणि ते काही काढता येत नाही. म्हणून एवढंच करा: नाव ठेवण्याआधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या. तुमची किल्ली मुठीत धरून तो बेलच वाजवत असेल.