चार बोटं अलीकडे

नणंदेच्या डोक्यामागे दोन्ही तळवे एकावर एक दाबून सिस्टरने ते खाली ओढलं, कोपरं आत घेतली, उजवा पाय मागे टाकला आणि गुडघा वर उचलला. नणंदेने पोटाशी धरलेल्या जाड पॅडच्या चार बोटं अलीकडे तो थांबला.

“झालं?” वाकल्या वाकल्याच नणंदेने विचारलं. “की अजून यायचाय?”

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. कोच मॅडम येऊन उभ्या राहिल्या. उंची बेताची, पण आवाज असा की शेजारच्या शिवणवर्गातल्या बायका दचकून टाका चुकायच्या. वर्ग त्यांना पाठीमागे ‘तोफ’ म्हणायचा. ते त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

“हिची पकड बघा सगळ्यांनी,” त्या म्हणाल्या. “मानेला नाही धरलंय, डोक्याच्या मागच्या उंचवट्याला धरलंय. मान धरली तर समोरचा ताठ राहतो. डोकं धरलं की अख्खा माणूस मागोमाग येतो. कोपरं एकमेकांजवळ, त्याच्या छातीला टेकलेली, मधे हात घालायला फट नाही. पकडीला शंभरपैकी शंभर आणि गुडघ्याला भोपळा! सिस्टर, गुडघा पॅडपर्यंत न्यायचा नसतो, पॅडच्या पलीकडे न्यायचा असतो. अडतंय कुठे?”

“पाय भरून येतो, मॅडम.”

ही शुद्ध थाप होती. वॉर्डात दिवस दिवस उभं राहूनही तिच्या पायांनी कधी कुरकूर केली नव्हती. मॅडमनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढच्या जोडीकडे गेल्या.

स्वसंरक्षणाच्या या क्लासला तिला नणंदेने अक्षरशः ओढत आणलं होतं. एका संध्याकाळी रुग्णालयामागच्या पार्किंगमध्ये स्कूटर काढताना एका माणसाने तिचा गळा आवळला होता. वॉचमनने बोंब ठोकली म्हणून बॅग आणि जीव दोन्ही वाचले. तेव्हापासून स्कूटर जिन्याखाली धूळ खात होती आणि नवरा आपली कामं टाकून तिला सोडायला-आणायला यायचा. बिचारा तोंडातून चकार शब्द काढत नसे, पण त्याची ओढाताण तिला दिसत होती. शेवटी नणंदेने फर्मान काढलं की नाव मी घातलंय, माझंही आणि तुझंही, आता कारणं सांगायची नाहीत.

क्लास सुटल्यावर दोघी पायऱ्यांवर बूट घालत बसल्या.

“वहिनी, खरं सांग. पाय भरून येतो म्हणे! मागच्या महिन्यात कपाट तू एकटीने सरकवलंस. मी नुसती ‘जपून’ म्हणत होते.”

सिस्टरने नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

“आमच्या वॉर्डात सगळी म्हातारी माणसं,” ती म्हणाली. “डोक्यातून सगळं पुसलं गेलेली. कुणाला मी मुलगी वाटते, कुणाला चोर. घाबरली की धरतात. केस, बाही, गळा, हाताला येईल ते. तेव्हा माझे हात काय करायचं ते मला विचारत बसत नाहीत. आपले आपण करतात.”

“मग चांगलंय की.”

“मग हा गुडघा तरी मला कशाला विचारेल?”

नणंदेने बुटात घातलेला पाय परत बाहेर काढला.

“आमच्या वॉर्डात एक मावशी होती कामाला,” सिस्टर म्हणाली. “पेशंटसाठी जीव टाकायची. एका आजीने तिच्या हाताचा कडकडून चावा घेतला आणि तिचा हात उठला. मुद्दाम नाही गं, नुसता उठला. दुसऱ्या दिवशी आजीला काही आठवत नव्हतं. मावशीला आठवत होतं. ती परत कामावर आलीच नाही.”

“म्हणजे तू त्या चोराला घाबरत नाहीस?”

“घाबरते की! त्याला घाबरते म्हणून इथे येते. आणि आले की याला घाबरते.” तिने गुडघ्यावर टिचकी मारली. “मॅडमना सांगून टाकते. नाही जमत म्हणून.”

“आणि स्कूटर?”

सिस्टर उठून पायऱ्या उतरायला लागली. क्लास सोडायचा तर ते पार्किंग आणि ती भीती जन्माची गळ्यात. क्लास धरायचा तर वॉर्ड सोडून कुठेतरी टेबलामागे बसायची बदली मागायची. ती तिला नको होती. ती म्हातारी माणसं तिला मनापासून आवडायची, त्यांच्या चोरी-चहाड्यांसकट.

तिने मॅडमशी बोलायचं त्या आठवड्याच्या शेवटावर ढकललं. त्याच्या आतच सुतारआजोबांचं प्रकरण झालं.

सुतारआजोबांची खाट खिडकीशी होती. जन्मभर रंधा मारून त्यांचे हात पाटासारखे झाले होते. डोकं थकलं तरी हातांना त्याची खबर नव्हती. दुपारची जेवणं आटोपल्यावर आजोबा खिडकीपाशी उभे होते, म्हणून सिस्टर त्यांची चादर बदलायला गेली. उशी उचलली तर खाली चमचा. आजोबांनी तो जेवणाच्या ताटातून लांबवला होता. तिने हसून तो खिशात टाकला.

“माझी पटाशी!”

ती वळली तोवर आजोबांचे दोन्ही हात तिच्या गळ्यावर होते. अंगठे बरोब्बर तिथेच, पार्किंगमध्ये त्या संध्याकाळी होते तिथेच. पाठ भिंतीला लागली. डोळ्यांपुढे आधी पिवळं आलं, मग काही दिसेना.

आणि हात उठले. आजोबांच्या दोन्ही हातांच्या मधून वर गेले, डोक्यामागच्या उंचवट्यावर बसले. कोपरं मिटली. डोकं खाली तिच्या खांद्याकडे आलं, तशी गळ्यावरची पकड ढिली पडली. उजवा पाय मागे गेला. तो गेल्याचं तिला कळलं, पण नको म्हणायलाही वेळ नव्हता. गुडघा वर आला.

वर आला आणि आजोबांच्या पोटाला वळसा घालून खाटेच्या कडेवर गादीत रुतला. जड माणसाला खाटेवर टेकवताना नर्स मांडीवर भार घेते, तसा. आजोबांचं सगळं वजन तिच्या मांडीवर आलं, तिथून सावकाश घसरलं आणि ते खाटेवर बसले. तिचा तळवा अजून त्यांच्या डोक्यामागेच होता, मागच्या लोखंडी दांड्याचा मार लागू नये म्हणून.

“हळू, आजोबा, हळू,” कुणीतरी म्हणत होतं. तो आवाज आपलाच आहे हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

“पटाशी?” आजोबांनी रडवेलं तोंड करून विचारलं.

तिने खिशातून चमचा काढून त्यांच्या हातात दिला.

“ही घ्या. धार लावायला नेली होती.”

आजोबांनी अंगठा चमच्याच्या कडेवरून फिरवला.

“बरी लावलीस,” ते म्हणाले.

तिने त्यांचा सदरा वर केला. पोट, बरगड्या, कुशी, सगळं बोटांनी दाबून पाहिलं.

“इथे दुखतं? इथे?”

“अगं, गुदगुल्या होतात!”

पलीकडच्या खोलीतून नवी मावशी धावत आली. “सिस्टर, काय झालं?”

“काही नाही. आजोबांना बसायचं होतं.”

मग ती कपड्यांच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. गळा ठणकत होता. तरी छातीवरचं मणाचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. “सुटले बाई!” ती मोठ्याने म्हणाली आणि एकटीच हसायला लागली. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते तिने वाहू दिले. ते पुसायला चादरींना तोटा नव्हता.

संध्याकाळी ती क्लासला आली ती स्कूटरवरून, नणंदेला मागे बसवून. नणंदेने वाटेत दोनदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा शहाण्यासारखं मिटलं.

जोड्या लागल्या. नणंदेने पॅड पोटाशी धरलं आणि नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघायला लागली.

“नीट धर,” सिस्टर म्हणाली.

“धरलंय गं. चार बोटांच्या पुढे कधी—”

हात डोक्यामागे गेले, डोकं खाली आलं आणि धप्पकन असा आवाज झाला की शिवणवर्गातली मशिनं थांबली. नणंद पॅडसकट चटईवर बसली होती. तोंड उघडं, आवाज बंद.

सिस्टर केव्हाच तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली होती. बोटं नाडीवर, दुसरा हात पाठीवर.

“श्वास घे. घाई नको. नाकाने घे. हां, अस्सा.”

नणंदेने एक श्वास घेतला, मग दुसरा. मग डोळे वटारून तिच्याकडे पाहिलं.

“कुठे होता गं हा इतके दिवस?”

“ड्युटीवर,” सिस्टर म्हणाली.

कोच मॅडम कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी सिस्टरच्या गळ्यावरचे दोन निळे डाग पाहिले, मग तिचा चेहरा पाहिला.

“छान,” त्या म्हणाल्या, आणि तोफेचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच हळू निघाला. “आता डावा.”

नणंदेने बसल्या जागेवरून पॅड मॅडमकडे सरकवलं.