स्ट्राउड चौकडीचे आकडे

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये १९६२ साली कुठलीही रेकॉर्ड लावा, गाणाऱ्याच्या मागे जो मऊसूत ‘ऊऽऽ’ ऐकू यायचा तो दहातल्या पाच वेळा स्ट्राउड चौकडीचा असायचा. नाव मात्र रेकॉर्डवर शोधून सापडायचं नाही. त्याचं चौघांना काही वाटत नसे. दिवसाला तीन-तीन स्टुडिओ, एका माईकभोवती उभं राहायचं, ऐन वेळी सूर जुळवायचे की पुढचं गाणं. अकरा वर्षं असंच चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

पण आज ऑर्व्हल सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. ऑर्व्हल म्हणजे चौकडीचा खालचा आवाज, सहा फुटी गडी. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. लहानपणी चर्चच्या पुस्तकात चौकोन-त्रिकोण बघून सूर लावायला शिकला, तेवढंच. त्याची बायको मॉडीन आणि वरच्या पट्टीतला डेलबर्ट, दोघांचीही तीच गत. म्होरकी व्हर्लीन स्ट्राउड तेवढी शिकलेली. ती सगळ्यांना आकडे लिहून द्यायची. गाणं कुठल्याही पट्टीत असो, घरचा सूर, म्हणजे सा, तो एक. तिथून मोजत चौथा तो चार, पाचवा तो पाच. गावातले झाडून सगळे पियानो-गिटारवाले याच आकड्यांवर वाजवायचे.

आणि आज न्यूयॉर्कहून रेकॉर्ड काढणारे मॉरिस झेलनिकसाहेब आले होते. सोबत लिनेट डेव्हलिन, जिची गाणी देशभर रेडिओवर वाजत होती. झेलनिकचा हिशेब साधा: दोन ते पाच एक गाणं करून बघू. जमलं तर पूर्ण रेकॉर्ड, सहाही गाणी, स्ट्राउड चौकडीबरोबर. नाही जमलं तर तिकडचा कोरस तयारच होता. पॉपचं असलं काम चौकडीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ऑर्व्हल तर दोन रात्री नीट झोपलाही नव्हता.

झेलनिकनं नोटेशनचे छापील कागद वाटले तेव्हा व्हर्लीननं चौघांचे कागद घेऊन कोपऱ्यात पटापट पेन्सिलीनं आकडे टाकले. साडेतीनपर्यंत सगळं झकास. चार गळे, आठ व्हायोलिनं, आणि मधोमध लिनेट. ऑर्व्हलच्या अंगावर काटा आला. जमणार हे, तो मनात म्हणाला, जमतंय की.

तेवढ्यात लिनेटचा घसा बसला. वरचा सूर लागेचना. तिनं मध चाटला, पुन्हा प्रयत्न केला, मग म्हणाली, “मॉरिस, दीड सूर खाली आण. नाहीतर आज माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

“व्हायोलिनचे कागद पुन्हा लिहायला दोन तास लागतील,” झेलनिक म्हणाला. “मिटलं मग. न्यूयॉर्कला जाऊन करू. कागद द्या.”

त्यानं कागद गोळा केले. ऑर्व्हलचा हातात घेतला आणि थबकला.

“माझ्या गाण्यावर हे टेलिफोन नंबर कुणी लिहिले?”

व्हर्लीननं ऑर्व्हलच्या पायावर पाय दिला. गप्प बस म्हणून. पण हातचं काम समोरून चाललं होतं, आता कसलं गप्प बसायचं?

“साहेब, ते आमचे सूर आहेत,” ऑर्व्हल म्हणाला. “लिनेटबाईंना दीड सूर खाली घेऊ द्या, नाहीतर तीन. आमचा ‘एक’ त्यांच्याबरोबर खाली जाईल, बाकीचे आकडे त्याच्यामागून. पियानो-गिटारवाल्यांचंही तसंच. व्हायोलिनचं काम आम्ही तोंडानं करतो. आत्ता. या मिनिटाला.”

“पण कागदावर जे छापलंय ते?”

“ते मला वाचता येत नाही.”

झेलनिकनं चष्मा काढला. “अजून कुणाला येत नाही?”

डेलबर्टनं हात वर केला. मॉडीननं नवऱ्याकडे ‘झालं समाधान?’ असं बघितलं आणि तिनंही केला. व्हर्लीननं डोळे मिटून घेतले.

मग रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीजवळ उभ्या लिनेटनं हात वर केला.

“मला कुठे येतं?” ती म्हणाली. “तू पियानोवर वाजवतोस, मी पाठ करते. सहा वर्षं तुला कळलं नाही होय?”

एक व्हायोलिनवाला फिस्सकन हसला. झेलनिक मटकन स्टुलावर बसला आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, “करा.”

व्हर्लीननं बोटं वर केली. एक. चार. पाच. लिनेटनं खालचा सूर धरला आणि तिचा बसका घसाच असा काही लागला, की डेलबर्टचे डोळे भरले. व्हायोलिनची ती लांबलचक ओढ मॉडीन आणि व्हर्लीननं ‘ऊऽऽ’मध्ये घेतली, आणि शेवटी ऑर्व्हल एकावर उतरला, खाली, अगदी खाली, चर्चमध्ये उतरायचा तसा. आठ व्हायोलिनवाले गज मांडीवर ठेवून ऐकत बसले होते. एकाच दमात गाणं पार.

पाचला पाच मिनिटं होती. झेलनिक काचेच्या खोलीत फोनवर होता. दार उघडंच राहिलं होतं.

“कोरसला नको सांगा,” तो न्यूयॉर्कला सांगत होता. “सहाही गाणी इथंच... काय? वाचतात कसं?”

त्यानं काचेतून चौघांकडे बघितलं.

“वाचतच नाहीत,” झेलनिक म्हणाला. “ऐकतात.”

मॉडीननं ऑर्व्हलला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, आणि सहा फुटी गडी सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.