पुढच्या शनिवारी ऐकू

तपासनीसबाई विमा कंपनीत सव्वीस वर्षं अपघाताचे दावे तपासत होत्या. दुकान जळालं की जाळलं, हात पायरीवरून पडून मोडला की मारामारीत, हे शोधून काढणं त्यांचं काम. ते काम त्यांच्याबरोबर घरीही यायचं. "तुला आरशातल्या बाईचासुद्धा संशय येतो," असं त्यांचा नवरा म्हणायचा.

त्यांच्या मुलानं जर्मन मुलीशी लग्न केलं आणि त्यांना एक विहीण मिळाली. जर्मनीत झालेल्या लग्नात दोघी विहिणी तीन दिवस एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिल्या. गाल दुखायला लागले, पण ओळख काही होईना. परत आल्यावर बाईंनी जवळच्या कॉलेजात, शनिवारच्या जर्मनच्या वर्गात नाव घातलं. वय चौपन्न, पातळी पहिली.

वर्ग अकरा जणांचा. त्यांच्या शेजारच्या बाकावर एक बॉयलर फिटर बसायचा. त्याला तिकडे नोकरीची आशा होती. मागच्या बाकावर नर्सिंग करणाऱ्या तीन मुली. शिकवायला पन्नाशीच्या एक मॅडम, ताठ बांध्याच्या, कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "तिकडे बोलताना समोरच्याकडे सरळ बघतात. मान खाली घालून पुटपुटलेलं मी ऐकून घेणार नाही."

शिकवायच्या मात्र सुरेख. आपल्यासारखी तिथंही तीन लिंगं आहेत म्हटल्यावर वर्ग खूश झाला. पण चमचा 'तो' राहिला, काटा 'ती' झाला आणि सुरी 'ते' झाली, तेव्हा फिटर म्हणाला, "म्हणजे ताटाशेजारी अख्खं कुटुंबच बसवलंय की! आई, बाप आणि मूल!" सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण जरा उशिरा, इतरांचे चेहरे बघून. बाईंनी ते टिपलं.

मग त्यांना आणखी काही दिसायला लागलं. पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी ऐकण्याचा पाठ होता. ध्वनिफीत लावायची, त्यातली माणसं काय बोलतात ते ऐकून उत्तरं लिहायची. परीक्षेत त्याला पंचवीस गुण. पहिल्या धड्याला मॅडम म्हणाल्या, यंत्र बिघडलंय, पुढच्या शनिवारी ऐकू. दुसऱ्या धड्याला व्याकरण राहिलं होतं, पुढच्या शनिवारी ऐकू. तिसऱ्याला फिटरनं स्वतःच यंत्र उघडून दुरुस्त करून ठेवलं. ते बघून मॅडमचा चेहरा उतरला. "आज लेखी चाचणी आहे," त्या म्हणाल्या. चाचणीबद्दल आधी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

त्यातच कॉलेजात एक जर्मन प्राध्यापक पाहुणे आले. सगळ्या इमारतीत त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी एकच व्यक्ती, आणि तिची नेमकी त्याच दिवशी रजा!

"पोटदुखी असेल," नवरा म्हणाला.

"बरोबर त्याच दिवशी?" बाई म्हणाल्या. "अहो, या बाईला जर्मन येतच नाही. पुस्तकातलं पाठ केलंय, तेवढंच. प्रमाणपत्र कुठून आणलंय देव जाणे."

पुराव्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. पुढच्या शनिवारी मॅडम फळ्याकडे तोंड करून क्रियापदं लिहीत होत्या. बाईंनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "इश बिन आइन ल्योफेल." म्हणजे, मी एक चमचा आहे. नर्सिंगच्या मुलींनी तोंडावर हात दाबले. बाकावरची हालचाल जाणवून मॅडम वळल्या, बाईंचं तोंड नुकतं मिटताना त्यांना दिसलं.

"झेअर गूट," मॅडम म्हणाल्या. फार छान.

वर्गात हशा पिकला. हसू आवरेना. मॅडमही हसल्या, सगळ्यांबरोबर, कशाला ते न कळता. त्यांच्या त्या हसण्यानं बाईंना क्षणभर कसंतरी झालं, पण संशय आता संशय उरला नव्हता.

सोमवारी दुपारी त्यांनी प्राचार्यांच्या नावे तक्रार लिहिली. तारखा, कारणं, सगळं क्रमानं, आणि शेवटी एक वाक्य: मॅडमना जर्मन येत नाही, प्रमाणपत्रं खोटी आहेत. खाली पहिली सही स्वतःची, दुसरी फिटरची, मग आणखी चौघांची. फिटर सही करताना घुटमळला. "बाई, शिकवतात तर चांगलं. उगाच कुणाच्या पोटावर पाय नको."

"आपण परीक्षेत नापास झालो तर तो आपल्या पोटावर पाय नाही का?"

प्राचार्यांनी गुरुवारी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला सहा तक्रारदार, दुसऱ्या बाजूला मॅडम, हातात त्यांची मूळ प्रमाणपत्रं. प्राचार्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. खरी दिसत होती.

"मॅडम, एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू," प्राचार्य म्हणाले. "यांनी आणलेली ध्वनिफीत लावतो. त्यात काय म्हटलंय ते तुम्ही सांगा, म्हणजे यांचं समाधान होईल."

मॅडमनी ताठ मान हलवली. यंत्र खिडकीजवळ, प्राचार्यांच्या पाठीमागे होतं. प्राचार्यांनी मागे हात नेऊन कळ दाबली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. एक पुरुष आणि एक बाई स्टेशनवर तिकिटाविषयी बोलायला लागले. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. फिटरला तर त्यातला 'गुटेन टाग', म्हणजे नमस्कार, समजलाही, त्यानं अभिमानानं मान डोलावली.

मॅडम शांत बसून होत्या. थोडा वेळ गेला. मग त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "लावा ना. मी तयार आहे."

ध्वनिफितीतली बाई गाडीची वेळ विचारत होती.

तपासनीसबाईंनी कारखान्यात कान गेलेल्या माणसांचे निदान चाळीस दावे पाहिले होते. ती माणसं कशी बसतात, समोरच्याचे ओठ कसे वाचतात, कशी उशिरा हसतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. तरीही सात महिने समोर बसून त्यांना ते दिसलं नव्हतं, कारण त्या खोट्या माणसाच्या शोधात होत्या.

"मॅडम," त्यांनी समोर वाकून, एकेक शब्द सुटा उच्चारत सांगितलं, "यंत्र चालू आहे."

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. मग प्रमाणपत्रं गोळा करून एकावर एक ठेवली.

"डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला," त्या म्हणाल्या. "उजव्यात थोडं आहे. माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते. सांगितलं असतं तर झाली असती का?"

प्राचार्यांनी छताकडे पाहिलं.

"मी तक्रार मागे घेते," बाई म्हणाल्या.

"का?" मॅडमचा आवाज चढला. "ऐकण्याचे पंचवीस गुण आहेत. ते तुम्हाला कोण शिकवणार होतं? मी चुकलेच. फक्त तुम्ही लावलेला आरोप चुकीचा आहे. तेवढा खोडा आणि बाकीचं राहू द्या."

बाईंनी पेन घेऊन ते एक वाक्य खोडलं.

पुढे दुसऱ्या कॉलेजातला एक तरुण शिक्षक ऐकण्याच्या पाठांसाठी यायला लागला. मॅडमनी कानाला यंत्र लावलं. पण वर्ग पूर्वीसारखा राहिला नाही. मागे कुणी कुजबुजलं की मॅडम खडू थांबवून विचारायच्या, "काय म्हणालात? मोठ्यानं सांगा." खरंच पेन मागितलेलं असलं तरी त्यांना ते खरं वाटायचं नाही. दोन मुलींनी वर्ग सोडला. तपासनीसबाई पहिल्या बाकावर येऊन बसायला लागल्या. मॅडम त्यांना प्रश्न विचारत, उत्तर तपासत, याहून एक शब्द जास्त बोलत नसत.

निकाल लागला त्या दिवशी बाई गुणपत्रिका घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेल्या. मॅडमनी आधी दारात कोण आहे ते पाहिलं.

"आता काय तपासायचं राहिलंय?"

"निकाल दाखवायला आलेय. पास झाले."

मॅडमनी गुणपत्रिका घेतली. त्यांचं बोट खाली खाली जात ऐकण्याच्या गुणांवर थांबलं. "अकरा. फारच कमी आहेत. लेखीत मात्र पहिल्या आलात." मग वर न बघताच म्हणाल्या, "हे अकरा माझ्यामुळे."

बाईंनी नाही म्हटलं नाही. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि मॅडमनी वर बघेपर्यंत थांबल्या.

"दुसऱ्या पातळीला तुम्ही आहात का?"

"व्याकरण आणि लेखन माझ्याकडे आहे. का?"

"फॉर्म भरायचाय," तपासनीसबाई म्हणाल्या.

मॅडमनी खण उघडला, आतून एक कोरा फॉर्म काढला आणि पुढे सरकवला.