घराण्याची टाच

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली आणि रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला.

"अशी जाड शीर घरात आणखी कुणाची होती?"

"सगळ्या पुरुषांची. आमच्या घराण्याची खूणच आहे ती," तो जरा तोऱ्यात म्हणाला.

मग त्यांनी ते पुरुष कधी गेले ते विचारलं. वडील एक्केचाळिसाव्या वर्षी, काका अडतिसाव्या, थोरला भाऊ गेल्या वर्षी, चाळिशीच्या उंबरठ्यावर. तिघेही छातीत कळ येऊन. सांगता सांगता त्याचा तोरा उतरला. त्याला स्वतःला एकोणचाळिसावं चालू होतं.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. शिरेत साठलंय ते कोलेस्टेरॉल, तेच हृदयाच्या नळ्यांतही साठतं. हे खाण्यापिण्याचं नव्हे, जन्मानं आलेलं. तेलतूप सोडून भागायचं नाही, गोळ्या कायमच्या. आणि मुलं असतील तर त्यांचंही रक्त तपासायला हवं, लहानपणीच कळलं तर पुष्कळ टाळता येतं. मुलगी एकच, दहा वर्षांची. तिला उद्या उपाशीपोटी घेऊन या, असं त्यांनी बजावलं.

तो बूट शिवायचा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. नुसत्या नजरेनं पायाचं माप सांगायचा, म्हणून गल्ली त्याला मापवाले म्हणायची. वडिलांचा लाकडी साचा अजून भिंतीवर होता, मागच्या बाजूला चामड्याचे तुकडे चिकटवून फुगवलेला. 'आमची टाच दीड माणसाची' हा विनोद त्यानं गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवला होता. आज त्या साच्याकडे बघवेना.

शाळेतून आलेली ठकी पायरीवर बसून बूट काढत होती. त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला. हात टाचेपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. पोर हरणासारखी पळते, तिला काय धाड भरलीय? शिवाय ती मुलगी. खूण तर पुरुषांची. उद्या न्यायचं नाही, त्यानं ठरवून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तरी जीव थाऱ्यावर येईना. तिला मागून ताठ, सरळ बूट शिवून द्यायचा, चावला नाही म्हणजे पाय चांगला, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि मापासाठी तिचा जुना जोड फळीवरून काढला. तिचे सगळे जोड त्यानं जपून ठेवले होते, सगळे त्याच्याच हातचे.

जोडाच्या मागच्या काठाला मधोमध खोलगट कापलेलं होतं. बूट चावतो म्हणाली, तेव्हा त्यानंच रापीनं कापलं होतं. स्वतःच्या बुटांना कापायचा तसंच. त्याच्या आधीचा जोड काढला, त्यालाही. त्याच्याही आधीचा, सातव्या वर्षीचा, त्याला जेमतेम नखाएवढं. सरळ होते ते फक्त अगदी सुरुवातीचे, मुठीत मावणारे. तीन वर्षं त्याचा हात चामडं कापत राहिला होता आणि त्याला एकदाही काही सुचलं नव्हतं.

आत बायको उद्याच्या डब्याचं बघत होती.

"ठकीला सकाळी काही खायला देऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

त्यानं ते जोड वयाप्रमाणे तिच्यापुढे ओळीनं मांडले, मागची बाजू तिच्याकडे करून.